एका लॅपटॉपला दोन-तीन मॉनिटर कसे जोडावेत? डॉकिंग स्टेशन घेण्यापूर्वी काय तपासावे

घरून काम सुरू झाल्यापासून अनेकांच्या टेबलावर लॅपटॉपशेजारी एक मोठा मॉनिटर आला. काहींना दुसराही हवासा वाटतो. एका स्क्रीनवर एक्सेल, दुसऱ्यावर मीटिंग किंवा ईमेल, अशी मांडणी सोयीची असते. पण लॅपटॉपला पोर्ट मोजकेच असतात. अशा वेळी डॉकिंग स्टेशन घेण्याचा सल्ला मिळतो: एक केबल लॅपटॉपला लावायची आणि बाकी सगळे डॉकला.

सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. डॉकच्या खोक्यावर ‘ड्युअल ४के’ लिहिलेले असते, घरी आणून जोडल्यावर मात्र दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते, किंवा दुसरा मॉनिटर काळाच राहतो. बहुतेक वेळा डॉक खराब नसतो. तो त्या लॅपटॉपसाठी योग्य नसतो. किती स्क्रीन चालतील हे आधी लॅपटॉप ठरवतो, मग केबल आणि शेवटी डॉक. खरेदी करताना मात्र आपण उलट क्रमाने जातो आणि तिथेच पैसे वाया जातात.

डॉकिंग स्टेशन म्हणजे काय?

डॉकिंग स्टेशन, म्हणजेच डॉक, हा अनेक पोर्ट असलेला एक छोटा डबा. त्याला मॉनिटर, कीबोर्ड, माउस, इंटरनेटची लॅन केबल, पेनड्राइव्ह, हेडफोन असे सगळे जोडलेले राहते. लॅपटॉप आणला की एकच केबल लावायची आणि उठताना तीच काढायची. चांगल्या डॉकमधून त्याच केबलने लॅपटॉप चार्जही होतो.

पूर्वी डॉक त्या-त्या कंपनीच्या लॅपटॉपसाठीच बनत. लॅपटॉपच्या तळाला एक लांबट सॉकेट असे आणि लॅपटॉप डॉकवर ‘बसवला’ जाई. आता ते काम यूएसबी-सी पोर्ट करतो.

बाजारात ‘हब’ आणि ‘डॉक’ हे दोन्ही शब्द चालतात. ढोबळमानाने हब लहान असतो, बॅगेत मावतो आणि लॅपटॉपकडूनच वीज घेतो. डॉक टेबलावर ठेवायचा असतो आणि बहुधा त्याला स्वतःचा चार्जर असतो. नावावर जाऊ नये, कारण चित्र कोणत्या मार्गाने जाते ते नावावरून कळत नाही.

पोर्ट दिसायला सारखे, काम वेगळे

यूएसबी-सी हे पोर्टच्या आकाराचे नाव आहे. आत काय चालते ते त्यावरून समजत नाही. एका लॅपटॉपचा यूएसबी-सी पोर्ट फक्त पेनड्राइव्ह चालवतो. दुसऱ्याचा चार्जिंग घेतो, पण चित्र देत नाही. तिसऱ्याचा सगळे करतो. तिन्ही पोर्ट दिसायला मात्र हुबेहूब एकच.

काही कंपन्या पोर्टशेजारी चिन्ह छापतात. विजेचा बाण असेल तर बहुधा थंडरबोल्ट. इंग्रजी ‘डी’च्या पोटात ‘पी’ असल्यासारखे चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चित्र मिळेल. चिन्ह नसले तरी सोय असू शकते. म्हणून लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरची तपशीलवार माहिती पाहावी. तिथे ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड’, ‘थंडरबोल्ट’ किंवा ‘यूएसबी४’ यांपैकी काय लिहिले आहे ते शोधावे. एकाच नावाच्या मॉडेलचे अनेक प्रकार असतात. त्यामुळे तळावरच्या स्टिकरवरचा नंबरच ग्राह्य धरावा.

घरच्या घरी एक सोपी चाचणीही करता येते. ऑफिसमधून किंवा मित्राकडून साधा यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर मागून आणावा आणि टीव्हीला जोडावा. चित्र आले तर पोर्ट चित्र देतो.

चित्र पोहोचवण्याचे तीन मार्ग

१. डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड आणि एमएसटी. या पद्धतीत यूएसबी-सी केबलमधल्या काही तारा यूएसबीऐवजी थेट डिस्प्लेपोर्टचे चित्र वाहतात. चित्र लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपनेच तयार केलेले असते. त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. पण केबलमधून डिस्प्लेपोर्टची एकच वाहिनी येते. मग दोन मॉनिटर कसे? त्यासाठी एमएसटी, म्हणजे मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट. एकाच वाहिनीत दोन-तीन चित्रे एकामागोमाग भरून पाठवायची आणि डॉकमधल्या चिपने ती वेगळी करून ज्याची त्याला द्यायची. ही सोय २०१० मध्ये डिस्प्लेपोर्ट १.२ सोबत आली. विंडोज लॅपटॉपसाठी मिळणारे दोन एचडीएमआय पोर्टचे बहुतेक स्वस्त डॉक याच पद्धतीचे असतात.

२. थंडरबोल्ट आणि यूएसबी४. थंडरबोल्ट ३ हे २०१५ मध्ये यूएसबी-सी आकारात आले. त्याची क्षमता सेकंदाला ४० गिगाबिट. या केबलमधून डिस्प्लेपोर्टच्या दोन स्वतंत्र वाहिन्या जाऊ शकतात आणि सोबत वेगवान यूएसबीही चालते. ‘थंडरबोल्ट ४’ असे अधिकृतपणे लिहिलेल्या विंडोज लॅपटॉपने दोन ४के मॉनिटर चालवलेच पाहिजेत, अशी अट आहे. थंडरबोल्ट ५ ची घोषणा २०२३ मध्ये झाली आणि त्याची मूळ क्षमता ८० गिगाबिट आहे. यूएसबी४ हे थंडरबोल्टवरच आधारलेले आहे. पण ते २० आणि ४० गिगाबिट अशा दोन्ही क्षमतांत येते, म्हणून आकडा पाहून घ्यावा. थंडरबोल्ट डॉक महाग असतात आणि साध्या यूएसबी-सी पोर्टला लावल्यास त्यांची पूर्ण क्षमता मिळत नाही. काही जुने थंडरबोल्ट ३ डॉक तर तिथे चालतच नाहीत.

३. डिस्प्लेलिंक. हा मार्ग पूर्ण वेगळा आहे. लॅपटॉपमधले सॉफ्टवेअर स्क्रीनवरचे चित्र दाबून लहान करते आणि साध्या यूएसबी डेटासारखे पाठवते. डॉकमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. त्यामुळे चित्र न देणाऱ्या यूएसबी-सी पोर्टवर, अगदी जुन्या चौकोनी यूएसबी ३ पोर्टवरही हे चालते. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर थोडा भार पडतो आणि वेगवान गेममध्ये चित्र अडखळू शकते. ऑफिसच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायला बंदी असेल, तर आयटी विभागाची परवानगी आधी घ्यावी. कागदपत्रे, ईमेल, कोडिंग यांसाठी मात्र हा मार्ग पुरेसा आहे.

एका केबलमध्ये किती चित्र मावते?

फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. ४के स्क्रीनवर त्याच्या चौपट, सुमारे ८३ लाख. प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळा पाठवायचा असतो. यालाच ६० हर्ट्झ रिफ्रेश रेट म्हणतात. हिशेब असा बसतो:

- फुल एचडी, ६० हर्ट्झ: सेकंदाला सुमारे ३.३ गिगाबिट
- २५६० गुणिले १४४०, ६० हर्ट्झ: सुमारे ५.८ गिगाबिट
- ४के, ६० हर्ट्झ: सुमारे १२.५ गिगाबिट

आता केबलची बाजू. यूएसबी-सी मध्ये वेगवान माहितीच्या चार मार्गिका असतात. साधा डॉक दोन मार्गिका चित्राला देतो आणि दोन यूएसबीला. या दोन मार्गिकांतून डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर ८.६४ गिगाबिट जातात आणि डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर १२.९६.

म्हणजे जुन्या, डिस्प्लेपोर्ट १.२ च्या लॅपटॉपवर दोन फुल एचडी मॉनिटर आरामात बसतात. एक ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर बसत नाही. तो ३० हर्ट्झवर येतो आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या लॅपटॉपवर तीन फुल एचडी, किंवा दोन १४४०, किंवा एक ४के बसतो. दोन ४के हवे असतील, तर चारही मार्गिका चित्राला द्याव्या लागतात. मग त्याच केबलवरचे यूएसबी जुन्या ४८० मेगाबिटच्या वेगावर उतरते आणि पेनड्राइव्हची कॉपी रेंगाळते. काही नव्या लॅपटॉप आणि डॉकमध्ये डीएससी नावाची सोय असते. ती नजरेला फरक न जाणवता चित्र दाबून पाठवते आणि त्याच जागेत जास्त चित्र बसवते. पण ती लॅपटॉप आणि डॉक दोघांतही असावी लागते.

‘ड्युअल ४के’ या दोन शब्दांपुढे ‘३० हर्ट्झ’ की ‘६० हर्ट्झ’ हे बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यावर आणखी एक मर्यादा ग्राफिक्स चिपची. अनेक लॅपटॉपांत एकूण तीन किंवा चार स्क्रीनच चालतात आणि त्यात लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही मोजली जाते. डॉकला चार पोर्ट असले म्हणून ही संख्या वाढत नाही.

मॅकबुक असेल तर

सर्वाधिक फसगत इथे होते. मॅकओएस एमएसटीच्या मार्गाने वेगवेगळ्या स्क्रीन देत नाही. विंडोज लॅपटॉपवर दोन स्वतंत्र स्क्रीन देणारा तोच डॉक मॅकबुकला लावला, की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. डॉक बदलून घेतला आणि तोही एमएसटीचाच असला, तर परिणाम तोच.

याशिवाय चिपची मर्यादा आहे. एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवते. एम३ चे एअर दोन चालवते, पण लॅपटॉपचे झाकण बंद असताना. २०२५ मध्ये आलेले एम४ चे एअर झाकण उघडे ठेवूनही दोन चालवते. नावात ‘प्रो’ किंवा ‘मॅक्स’ असलेल्या चिपच्या मॅकबुक प्रोमध्ये दोन किंवा त्याहून जास्त मॉनिटर चालतात. इथे ‘प्रो’ हे चिपचे नाव आहे, लॅपटॉपचे नाही. एम१ आणि एम२ चिपचे १३ इंची मॅकबुक प्रो नावाने ‘प्रो’ असले तरी एकच बाहेरचा मॉनिटर चालवते.

एम१ किंवा एम२ एअरवर दोन मॉनिटर हवेच असतील, तर डिस्प्लेलिंक हा व्यवहार्य मार्ग आहे. त्याचे सॉफ्टवेअर टाकल्यावर मॅक ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी मागतो. स्क्रीनवरचे चित्र उचलूनच ते पाठवायचे असल्याने ही परवानगी लागते. याचा एक तोटा असा की, कॉपीपासून संरक्षित व्हिडिओ, उदाहरणार्थ ओटीटीवरचे चित्रपट, अशा जोडणीत काळे दिसू शकतात.

चार्जिंग आणि केबल

डॉकवर ‘१०० वॅट’ लिहिले असले, तरी ते सगळे लॅपटॉपला मिळतातच असे नाही. छोट्या हबमध्ये चार्जरची वीज हबमधून पुढे जाते आणि त्यातले काही वॅट हब स्वतःसाठी ठेवतो. लॅपटॉपच्या मूळ चार्जरवरचा वॅटचा आकडा पाहावा आणि डॉककडून ‘लॅपटॉपला’ तेवढे मिळतात का ते तपासावे. कमी मिळाले तर जड काम करताना चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरत जाते. गेमिंग लॅपटॉपला बहुधा डॉकची वीज पुरत नाही. त्याचा मूळ चार्जर लावूनच ठेवावा.

केबलचेही तेच. मोबाइलसोबत येणारी यूएसबी-सी केबल अनेकदा फक्त चार्जिंग आणि मंद डेटासाठी असते. तिच्यातून चित्र जात नाही. ६० वॅटपेक्षा जास्त विजेसाठी ५ अँपिअरची, ओळख चिप असलेली केबल लागते. डॉकसोबत आलेली केबलच वापरावी. ती हरवली किंवा लांब हवी असेल, तर क्षमता लिहिलेलीच केबल घ्यावी.

वीज वारंवार जाणाऱ्या भागात डॉक आणि मॉनिटर एकाच यूपीएस किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण डॉक बंद पडला की बाहेरच्या स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर येऊन गोळा होतात आणि त्याच केबलवरचे इंटरनेटही तुटते. डॉकला लावलेली बाहेरची हार्डडिस्क कॉपी चालू असताना बंद पडली, तर फाइल खराब होऊ शकते.

खरेदीपूर्वीची तपासणी

1. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर आणि त्याच्या यूएसबी-सी पोर्टची माहिती.
2. लॅपटॉप बाहेरचे किती मॉनिटर चालवतो, हे कंपनीच्या माहितीत काय लिहिले आहे.
3. मॉनिटरचे रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट आणि मागचे पोर्ट. जुन्या मॉनिटरला फक्त निळा व्हीजीए पोर्ट असेल, तर वेगळा कन्व्हर्टर लागेल.
4. डॉक कोणत्या मार्गाचा: एमएसटी, थंडरबोल्ट की डिस्प्लेलिंक. हे लिहिलेले नसेल तर दुकानदाराला किंवा विक्रेत्याला लेखी विचारावे.
5. दोन मॉनिटर एकाच वेळी लावल्यावर किती हर्ट्झ मिळतात. एक लावल्यावरचा आकडा नव्हे.
6. लॅपटॉपला प्रत्यक्षात किती वॅट मिळतात.
7. परत करण्याची मुदत. डॉक आल्या दिवशीच दोन्ही मॉनिटर लावून पाहावे.

पहिल्या दोन मुद्द्यांचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुढे फक्त डिस्प्लेलिंकचाच विचार करावा.

जोडायचे कसे?

आधी डॉकला त्याचा चार्जर लावून सुरू करावे. मग मॉनिटर डॉकला जोडावेत आणि चालू करावेत. शेवटी डॉकची केबल लॅपटॉपच्या योग्य पोर्टमध्ये लावावी. दोन यूएसबी-सी पोर्ट असतील, तर त्यातला एकच चित्र देणारा असू शकतो. डिस्प्लेलिंक असेल तर ड्रायव्हर आधी टाकावा.

विंडोजमध्ये विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबले की पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’ म्हणजे सगळीकडे तेच चित्र, ‘एक्स्टेंड’ म्हणजे स्वतंत्र स्क्रीन. इथे ‘एक्स्टेंड’ निवडावे. नंतर सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि ‘डिस्प्ले’ उघडावे. ‘आयडेंटिफाय’ दाबले की प्रत्येक मॉनिटरवर त्याचा क्रमांक दिसतो. टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने ठेवले आहेत, त्याच क्रमाने ते चौकोन ओढून ठेवावेत. नाहीतर माउस उजवीकडे नेला की बाण डावीकडच्या स्क्रीनवर निघतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट ६० आहे ना, तेही पाहावे.

मॅकमध्ये ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्प्लेज’ इथे हीच मांडणी करता येते. झाकण बंद करून काम करायचे असेल, तर चार्जिंग आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस जोडलेला असावा लागतो.

अडचण आली तर

- मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो: मॉनिटरच्या बटणांनी योग्य इनपुट निवडले आहे का ते पाहावे. मग लॅपटॉपचा दुसरा पोर्ट आणि दुसरी केबल वापरून पाहावी.
- एकच मॉनिटर चालतो: दोन्हींचे रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट कमी करून पाहावे. दुसरा सुरू झाला तर अडचण जागेची, म्हणजे केबलच्या क्षमतेची आहे.
- दोन्हींवर तेच चित्र: विंडोजमध्ये ‘एक्स्टेंड’ निवडावे. मॅकवर ‘मिररिंग’ बंद असूनही तसेच दिसत असेल, तर डॉक एमएसटीचा आहे.
- स्क्रीन मधूनच काळी होते: एचडीएमआय केबल जुनी असण्याची शक्यता मोठी. ४के साठी ६० हर्ट्झ पेलणारी केबल लागते. डॉक फार तापत असेल तर त्याच्यावर वही किंवा कापड ठेवू नये.
- काहीच सुधारत नाही: डॉकची वीज अर्धा मिनिट काढून पुन्हा लावावी, लॅपटॉप रीस्टार्ट करावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्स ड्रायव्हर व डॉकचे फर्मवेअर अद्ययावत करावे.

डॉकशिवाय भागते का?

अनेकदा भागते. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल आणि यूएसबी-सी पोर्टही चित्र देत असेल, तर एक मॉनिटर थेट एचडीएमआयला आणि दुसरा साध्या यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टरने जोडता येतो. हा खर्च डॉकपेक्षा खूपच कमी आहे आणि दोन्ही मॉनिटरना स्वतंत्र वाट मिळते. काही मॉनिटरना डिस्प्लेपोर्टचा ‘आउट’ पोर्ट असतो. तिथून दुसरा मॉनिटर साखळीसारखा जोडता येतो, पण ही पद्धतही एमएसटीचीच असल्याने मॅकवर चालत नाही.

लॅपटॉप दिवसभर एकाच जागी राहत असेल, तर दोन केबल लावणे हा मोठा त्रास नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लॅपटॉप ऑफिसला न्यायचा असेल, किंवा घरात दोघे जण पाळीपाळीने तेच टेबल वापरत असतील, तर डॉकचा खर्च वसूल होतो. दोघांचे लॅपटॉप वेगळ्या कंपन्यांचे असतील, तर वरची तपासणी दोन्ही लॅपटॉपसाठी स्वतंत्र करावी आणि ज्याची मर्यादा जास्त, त्याला चालेल असाच डॉक निवडावा.